फ्रान्सच्या खेड्यांतल्या शांत रस्त्यांवर सायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणारे, पॅरिसला भाचा असणारे, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काहीतरी वेगळं करू पाहणारे, असे सगळेच हे प्रश्न पाठवतात. तेच ते उत्तर पुन्हा टाइप करण्याचा कंटाळा आला, म्हणून एकत्र लिहून ठेवतोय. आल्प्सचे नामांकित घाट आणि टूर द फ्रान्सचे मार्ग इथे नाहीत. तासाला चार मोटारी दिसल्या तर 'आज गर्दी आहे' असं वाटावं, अशा रस्त्यांबद्दल हे सगळं आहे.

१. तिथे एवढे रिकामे रस्ते आहेतच कसे?

फ्रान्समध्ये सुमारे अकरा लाख किलोमीटर रस्ते आहेत. ओटोरूट, म्हणजे तिथले द्रुतगती मार्ग, आणि राष्ट्रीय महामार्ग मिळून त्यातले जेमतेम एकवीस हजार भरतात. बाकी सगळं जिल्ह्यांचं आणि गावांचं. २१ मे १८३६ च्या कायद्याने गावाला गाव जोडणाऱ्या रस्त्यांची देखभाल गावांवर बंधनकारक केली, आणि कम्यून, म्हणजे त्यांच्या ग्रामपंचायती, आजही चौतीस हजारांच्या वर आहेत. पुढे लोक शहरांत गेले, लांबच्या गाड्या ओटोरूटवर गेल्या, आणि खेड्यांमधलं डांबरी जाळं तसंच राहिलं. दूधवाला, पोस्टमन, ट्रॅक्टर आणि तुम्ही.

लोझेर जिल्ह्याचं क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या सिंधुदुर्गाएवढं, पाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर. सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख माणसं होती. लोझेरमध्ये पाऊण लाखाच्या आसपास आहेत. रस्ते मात्र दोन्हीकडे डांबरी.

एक गोष्ट आत्ताच मनात धरा, पुढे ती सारखी येणार आहे: रस्ता ज्या कारणाने रिकामा असतो, त्याच कारणाने दुकान बंद असतं.

२. मग नेमकं कुठे जाऊ?

ईशान्येकडच्या म्यूझपासून नैऋत्येच्या लाँदपर्यंत विरळ वस्तीचा एक तिरका पट्टा आहे, फ्रेंच लोक त्याला 'रिकामा कर्ण' म्हणतात. त्यात कुठेही बोट ठेवा. क्रोझ, काँताल, आव्हेरों, लोझेर, न्येव्र. पहिल्यांदाच जात असाल तर मी दक्षिण बर्गंडी सुचवतो: क्लुनीच्या आसपासचे द्राक्षमळे आणि पश्चिमेला ब्रियोनेची पांढऱ्या शारोले गाईंची कुरणं. चढ आहेत, पण खंबाटकीसारखे अंगावर येणारे नाहीत, आणि दर सात-आठ किलोमीटरवर रोमनेस्क शैलीचं एखादं चर्च, म्हणजे सावली आणि बाकडं.

दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशात एक नियम बहुतेक वेळा खरा ठरतो: नदीकाठचा रस्ता गजबजलेला, वरचं पठार मोकळं. ऑगस्टमध्ये तार्न नदीच्या घळईत कॅराव्हॅनच्या रांगा लागतात. तिथून सँत-एनिमीचा चढ चढून कोस मेजाँ पठारावर या, साधारण हजार मीटर उंचीवर, तर गवत, मेंढ्या आणि वारा. तिथे एका कुंपणात मंगोलियातले प्रझेवाल्स्की जातीचे घोडेही पाळले आहेत. पहिल्यांदा दिसले तेव्हा मला उन्हाचा त्रास झालाय असंच वाटलं होतं.

३. रस्त्यांना ए, एन, डी, सी अशी अक्षरं असतात. सायकल कशावर चालते?

ए म्हणजे ओटोरूट: सायकलला पूर्ण बंदी. एन म्हणजे राष्ट्रीय महामार्ग: काही ठिकाणी परवानगी असते, पण मजा कधीच नसते. निळ्या चौकोनात पांढरी मोटार दिसली, तर तो फक्त मोटारींसाठी राखीव रस्ता, अक्षर कुठलंही असो. डी हे जिल्ह्याचे रस्ते, सी गावाचे. आपलं आयुष्य डी आणि सी वर.

जिल्ह्याची हद्द ओलांडली की डी रस्त्याचा नंबर बदलतो. सकाळचा डी १७ दुपारी डी ४१ झाला तर तुम्ही चुकलेला नाहीत.

४. म्हणजे डी रस्ता असला की शांतच, बरोबर?

नाही, आणि नवशिक्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. २००६ च्या सुमारास केंद्र सरकारने हजारो किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यांकडे सोपवले. पाटी बदलली, ट्रक बदलले नाहीत. बर्गंडीतला डी ९०६ म्हणजे जुना राष्ट्रीय ६, लॉत जिल्ह्यातला डी ८२० म्हणजे जुना राष्ट्रीय २०. आकडा आठशे, नऊशे किंवा हजाराच्या घरात असेल तर संशय घ्या. पण आकड्यावरून शेवटचा निर्णयही करू नका. नकाशावरचा रंग पाहा (प्रश्न ५).

५. कुठला नकाशा, कुठलं ॲप?

मी अजूनही मिशलँचा कागदी नकाशा नेतो, दीड लाखास एक प्रमाणाचा. लाल रस्ता टाळायचा, पिवळा गरजेपुरता, पांढरा मनसोक्त. कडेला हिरवी रेघ म्हणजे निसर्गरम्य. दुर्दैवाने मोटारवाल्यांकडेही तोच नकाशा असतो. रस्त्यावर बाणाची टोकं काढलेली असतात, ती चढाच्या दिशेने. एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. तीन टोकं दिसली की मी जेवणाची वेळ बदलतो.

ॲपमध्ये कोमूट किंवा ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं कुठलंही घ्या, पण 'रोड बाइक' हा पर्याय निवडा. नाहीतर ते तुम्हाला जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या वाटेवर घालतं. नकाशे आधीच डाउनलोड करा. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते.

६. कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कुठल्या वेळी?

मेचा उत्तरार्ध, जून, सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे पंक्चर झालं तरी जीव घाबरा होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकू शकतो. आपल्याला उन्हाची सवय असते हे खरं, पण तिथल्या घरांत पंखे नसतात.

दिवसातली सोन्याची वेळ म्हणजे दुपारी बारा ते दोन. अख्खा देश जेवायला बसलेला असतो आणि रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे ओस. अर्थात त्याच वेळी तुम्हालाही भूक लागते आणि दुकानाला कुलूप असतं (प्रश्न १२).

७. उजव्या बाजूने चालवणं जमेल का?

अर्ध्या तासात जमतं. धोका तेव्हा नसतो. कॉफी पिऊन रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघालात की शरीर सवयीने डावीकडे जातं, कारण चूक दाखवायला समोरून कुणी येत नसतं. हँडलच्या उजव्या टोकाला रंगीत टेप लावा आणि प्रत्येक थांब्यानंतर तिच्याकडे बघून निघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, फ्रान्समध्ये डाव्या. भाड्याची सायकल घेतलीत तर दुकानासमोरच चार वेळा हळू दाबून पाहा. उतारावर मागचा समजून पुढचा कचकन दाबणं फार महागात पडतं.

८. उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य म्हणजे काय भानगड आहे?

चौकात कुठलीच पाटी नसेल तर उजव्या बाजूने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही चिंचोळ्या गल्लीतून येत असो. गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर पांढऱ्या काठाची पिवळी चौकट, कोपऱ्यावर उभी केलेली, दिसली तर प्राधान्य तुमचं. त्याच चौकटीवर काळी तिरकी रेघ आली की ते संपलं. गावात शिरताना ते बऱ्याचदा संपतं, आणि खरा घोळ गावातच होतो: तुम्ही मुख्य रस्त्याने ऐटीत निघालेले, आणि उजवीकडच्या गोठ्यातून ट्रॅक्टर न बघता बाहेर. त्याने बघायचं कारणच नाही, कायदा त्याच्या बाजूने आहे.

लाल काठाच्या त्रिकोणात काळी फुली म्हणजे 'पुढच्या चौकात उजवीकडच्याचं प्राधान्य'. गोल चौकात मात्र उलट: सहसा आत असलेल्याला, म्हणजे डावीकडून येणाऱ्याला, आधी जाऊ द्यायचं.

९. मोटारी किती जवळून जातात? आम्ही दोघं शेजारी-शेजारी चालवली तर?

गावाबाहेर दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर ठेवणं मोटारीवर बंधनकारक आहे. तेवढी जागा मिळावी म्हणून समोरचं स्पष्ट दिसत असेल तर अखंड पांढरी रेघ ओलांडायलाही परवानगी आहे. खेड्यांत हे पाळलं जातं. तुमच्यामागे शांतपणे अर्धा किलोमीटर येणारी मोटार पहिल्यांदा अनुभवली की आपण काही अपराध केलाय असं वाटू लागतं. केलेला नसतो. जागा मिळाली की हात दाखवा, तेही दाखवतील.

दोघांनी शेजारी चालवायला परवानगी आहे, तिघांनी नाही. अंधार पडल्यावर, किंवा मागच्या गाडीने ओलांडायचंय असं कळवलं की, एकामागे एक.

साध्या दुपदरी रस्त्यावर मोटारींची वेगमर्यादा १ जुलै २०१८ पासून ताशी ८० आहे, काही जिल्ह्यांनी नंतर ती पुन्हा ९० केली. लाल काठाची गावाच्या नावाची पाटी लागली की ५०. (२०२३ च्या शेवटी शेतकऱ्यांच्या आंदोलनात या पाट्या गावोगावी उलट्या टांगल्या गेल्या. कुठे अजून उलटी दिसली तर मान वाकडी करून वाचा.)

१०. हेल्मेट, जाकीट, दिवे: काय सक्तीचं?

बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांना नाही. मी घालतो, तुम्हीही घाला. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं. पुढे-मागे दिवे, रिफ्लेक्टर, घंटी हवीच. कानात इयरफोन घालून चालवायला २०१५ पासून बंदी आहे, दंड १३५ युरो. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. द्राक्षमळ्यांतून फिरताना हे विसरायला होतं.

११. मोटारी अजिबात नसलेल्या सायकलवाटा आहेत म्हणे. त्याच का न घ्याव्यात?

त्यांना 'व्वा वेर्त' म्हणतात, हिरवी वाट. क्लुनी ते जिव्री ही जुन्या रेल्वेमार्गावरची वाट १९९७ ची, देशातली पहिली, आणि चांगली डांबरी. मुलांना घेऊन जाणार असाल तर डोळे झाकून तीच घ्या. तिच्याच दक्षिणेला १.६ किलोमीटरचा ब्वा-क्लेरचा बोगदा आहे. तो हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात, तेव्हा डोंगरावरून जावं लागतं.

पण रोड बाइकवाल्यांनी पृष्ठभागाची चौकशी केल्याशिवाय भरवसा ठेवू नये. बऱ्याच वाटा दाबलेल्या मुरमाच्या, पावसात चिखल होतो. कॅनॉल द्यू मिदी या दक्षिणेतल्या कालव्याचा काठ फोटोत स्वर्ग दिसतो, प्रत्यक्षात बराचसा झाडांच्या मुळांवरून हाडं खिळखिळी करत जातो. २५ मिमीचे टायर घेऊन तिथे जाऊ नका. २८ किंवा ३२ चे लावलेत तर पुष्कळ पर्याय खुले होतात. आणि खरं सांगायचं तर रेल्वेमार्ग सरळ आणि सपाट असतो, तिसऱ्या तासाला कंटाळा येतो.

शेजारी सायकलवाट असताना ती वापरायलाच हवी का, हेही बरेच जण विचारतात. गोल निळी पाटी असेल तर सक्ती, चौकोनी असेल तर तुमची मर्जी.

१२. खाण्यापिण्याचं काय? वाटेत हॉटेलं असतील ना?

आपल्याकडच्या 'पुढच्या फाट्यावर वडापाव मिळेल' या श्रद्धेला तिथे थारा नाही. चार गावं ओलांडली तरी एक दुकान दिसत नाही, आणि दिसलं तर बंद. बेकरी सकाळी सात-साडेसातला उघडते, दुपारी साडेबारा-एकला बंद होते, मग चारच्या पुढे. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, बऱ्याचदा सोमवार. रविवारी दुपारनंतर सगळंच थंड. उपाहारगृहात जेवण बारा ते दीड-दोन; सव्वादोनला पोचलात तर स्वयंपाकी घरी गेलेला असतो आणि त्याबद्दल कुणाला वाईटही वाटत नाही. मे महिन्यात १ आणि ८ तारीख, वर असेंशन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार, अशा सुट्ट्या येतात.

म्हणून शिस्त अशी: सकाळी अकराच्या आत दुपारचं खाणं पिशवीत असलं पाहिजे. काही गावांत पावाचं यंत्र असतं, एटीएमसारखं. नाणी जवळ ठेवा. आणि दुकानात शिरल्यावर पहिला शब्द 'बाँजूर'. तो न म्हणता थेट मागितलंत तर तुम्ही उद्धट ठरता, मग ब्रेड मिळतो पण तोंड भरून हसू मिळत नाही.

१३. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी मरू का?

नाही, पण शब्द पाठ करावे लागतील. 'साँ व्हियाँद' म्हणजे मांसाशिवाय, 'साँ लार्दों' म्हणजे डुकराच्या तुकड्यांशिवाय. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण खेड्यातल्या माणसाच्या हिशेबात लार्दों हे मांस नसून मसाला असतो. गरम शेळीच्या चीजचं सॅलड मागा, आणि तरी तो शब्द म्हणा. किश लोरेनमध्ये ते तुकडे असतातच, 'गालेत कॉम्प्लेत' या धिरड्यात हॅम. अंडं चालत असेल तर ऑम्लेट सगळीकडे. ओब्राक भागातलं आलिगो, बटाटा आणि ताज्या चीजचं ताणलं जाणारं मिश्रण, चढ चढून आलेल्याला अमृत वाटतं. त्यासोबत येणारं सॉसेज आधीच नाकारा. प्वीच्या हिरव्या मसुरांचंही तसंच. कडक शाकाहारींनी लक्षात घ्यावं की पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं.

एक मजेची गोष्ट. फ्रेंच सायकल-भटकंतीचा आद्य पुरस्कर्ता पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ (१८५३–१९३०), हा सँतेत्येनचा गृहस्थ स्वतः शाकाहारी होता. सायकलस्वारांसाठी केलेल्या त्याच्या सात नियमांत भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या हे तर आहेच, शिवाय वाटेत दारू, मांस आणि तंबाखू नको असंही आहे. मुक्कामाच्या यजमानाने भुवया उंचावल्या की मी त्याचं नाव घेतो. दर वेळी काम होतंच असं नाही.

घरून चिक्की, दाणे, मेतकूट न्या. पेढे-बर्फी नको: युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

१४. पाणी कुठे भरायचं?

गावाच्या कडेला दफनभूमी असते, आणि तिच्या फाटकाजवळ फुलांना पाणी घालायला नळ. मुरलेले सायकलस्वार तिथेच बाटल्या भरतात. शांतपणे जा, टोपी काढा, भरा, निघा. 'नों पोताब्ल', म्हणजे पिण्याजोगं नाही, असं लिहिलं असेल तर ते पाणी फक्त डोक्यावर ओतायचं. देखणं दगडी कारंजं दिसलं तरी पाटी बघा. कॅफेत कॉफी घेतलीत तर बाटली भरून देतात, आणि एखाद्या दारात विचारलंत तर बहुतेक वेळा बर्फही मिळतो.

१५. मुक्काम?

नगरपालिकेची कॅम्पिंगची जागा सगळ्यात स्वस्त, 'जीत देताप' म्हणजे वाटसरूंची सामायिक खोली, 'शाँब्र दोत' म्हणजे कुणाच्या तरी घरातली खोली. तिसऱ्यात रात्रीचं जेवण मिळतं का हे आधीच विचारा. खेड्यात दुसरी सोय नसते. 'आक्यॉय व्हेलो' ही पाटी असेल तर सायकल ठेवायला बंद जागा नक्की.

१६. ट्रेनमध्ये सायकल नेता येते?

प्रादेशिक टेर गाड्यांत नेता येते, बहुधा मोफत. काही प्रदेशांत उन्हाळ्यात आरक्षण लागतं. टीजीव्ही या अतिवेगवान गाड्यांपैकी मोजक्याच गाड्यांत अखंड सायकलीला जागा असते, तीही आधी आरक्षित करून. चाकं काढून १३० × ९० सेंटीमीटरच्या पिशवीत भरलीत तर ती सामान ठरते.

छुपा खड्डा: वेळापत्रकात 'टेर' लिहिलेलं असतं आणि स्टेशनवर बस उभी असते. बसमध्ये सायकल बऱ्याचदा घेत नाहीत. तिकीट काढताना 'ओतोकार', म्हणजे बस, हा शब्द दिसतोय का ते पाहा.

१७. 'रूत बारे', म्हणजे रस्ता बंद, अशी पाटी लागली. सायकल जाऊ शकेल का?

कायद्याने बंदी सायकललाही लागू आहे. लोक मात्र जातात, आणि खणलेल्या डांबराच्या कडेने चालत जाता येतं हेही खरं. मीही एकदा असाच हुशारीने गेलो. नऊ किलोमीटर उतरल्यावर कळलं की पूलच काढून ठेवलाय. नऊ किलोमीटर पुन्हा चढलो. आता मी पाटीपाशी थांबून पहिल्या ट्रॅक्टरवाल्याला विचारतो.

१८. शांत रस्त्यावर मोटारी नाहीत, मग धोका कशाचा?

उन्हाळ्यात डांबरावर बारीक खडी टाकून ठेवतात, 'ग्राव्हियाँ' अशी पाटी असते. मोटारींनी ती दाबायची असते, पण मोटारी नाहीत म्हणून ती आठवडेच्या आठवडे सुटी राहते. वळणावर अजिबात झुकू नका. खड्ड्याला फ्रेंचमध्ये 'कोंबडीचं घरटं' म्हणतात. आपल्याकडच्या खड्ड्यांपुढे ती खरोखर कोंबडीचीच. शरदात उत्तरेकडे बीटच्या शेतांतला चिखल रस्त्यावर येतो, तो साबणासारखा.

सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम. 'शास आँ कूर', म्हणजे शिकार चालू आहे, अशी पाटी दिसली तर भडक कपडे घाला, मोठ्याने बोलत जा, जंगलवाटेत शिरू नका. शेतावरचे कुत्रे भुंकतात, पण आपल्याकडच्या पहाटेच्या टोळ्यांपुढे किरकोळ. वेग कमी करून दरडावलं की पुरतं.

वाऱ्याचाही हिशेब करा. ऱ्होनच्या खोऱ्यात मिस्त्राल उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. तिकडे जाणारच असाल तर उत्तरेकडून सुरू करा.

१९. मी एकटीच जाणार आहे. सुरक्षित आहे का?

माझ्या ओळखीच्या दोघी एकट्या जाऊन आल्या, दोघींनाही त्रास झाला तो बंद दुकानांचा. तरी निर्मनुष्य रस्ता म्हणजे मदतीलाही कुणी नाही, हे विसरू नका. रोजचा मार्ग घरी कळवा, मुक्काम आधी ठरवा, आणि ट्यूब स्वतः बदलायला शिका. फ्रान्समध्ये बारीक, प्रेस्टा प्रकारचा वॉल्व्ह सर्रास मिळतो. सायकलचं दुकान मात्र खेड्यात नाही, ते जिल्ह्याच्या गावी.

२०. अपघात झाला तर?

११२ हा आपत्कालीन नंबर लावा. मोटारीशी अपघात झाला असेल तर ५ जुलै १९८५ चा बादँतेर कायदा सायकलस्वाराच्या शारीरिक इजेला भरपाई मिळवून देतो. अक्षम्य चूक सिद्ध झाली तरच ती नाकारता येते. मोटारीच्या पाटीवरचा नंबर आणि चालकाकडून विम्याचे तपशील टिपून घ्या, फोटो काढा. शेंगेन व्हिसासाठी ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात सायकलिंग वगळलेलं नाही ना, हे बारीक अक्षरांत वाचा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि त्याची वेळ मिळवणं हाच बऱ्याचदा सगळ्या सहलीतला सगळ्यात मोठा घाट असतो.

२१. रविवारी संध्याकाळी एका लहान गावात पोचतोय, सोमवारी सकाळी निघणार. काही अडचण?

मोठीच. रविवारी दुपारपासून सगळं बंद, सोमवारी बेकरीही बंद (प्रश्न १२). यजमानाकडे जेवण आणि न्याहारी दोन्ही आधी ठरवून घ्या (प्रश्न १५). ते नसेल तर रविवारी सकाळी बाराच्या आत वाटेतल्या मोठ्या गावातून दोन 'बागेत' (काठीसारखे लांब पाव), कोंते चीजचा एक तुकडा आणि चार पीच घ्या. उरलेला पाव सोमवारी सकाळी दगड होतो. मुक्कामी चहा मिळाला तर त्यात बुडवा, आपल्या खारीसारखा.